दिल्ली एअरपोर्ट ते करोल बाग, गाडी बुक केली आणि रस्त्यातच लुटलो गेलो

नमस्कार मंडळी, थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा. खास करून ज्यांची पोरं बाहेर शिकून राहिली आणि जे पहिल्यांदाच विमानानं तिकडे जाणार आहेत त्यांनी वाचाच. आमचे एका रात्रीत ११,४०० रुपये गेले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता आणि व्यापारी त्याच्याही खाली मागत होते, म्हणजे दीड क्विंटलच्या वर कापूस गेला असं समजा.

मी समुद्रपूर तालुक्यातला, जाम चौरस्त्यापासून आत गाव आहे. नोव्हेंबरमध्ये पोरीचा दीक्षांत समारंभ होता दिल्लीला. पहिला वेचा घरात आलेला होता, थोडा हिंगणघाटला विकला आणि म्हटलं आयुष्यात एकदा तिच्या आईला विमानात बसवू. नागपूरहून संध्याकाळचं विमान, दिल्लीला टर्मिनल ३ वर रात्री नऊच्या पुढे उतरणार. करोल बागेतलं एक साधं हॉटेल दोन रात्रींसाठी पोरीनंच ऑनलाइन बुक करून दिलं होतं, पैसेही आधीच भरलेले. तिनं सांगितलं होतं की बाबा, टर्मिनलला लागूनच मेट्रो आहे, न्यू दिल्लीला उतरा, तिथून राजीव चौक, मग करोल बाग. पण दोन ठिकाणी गाडी बदलायची, हिच्या गुडघ्याचा त्रास, दोन बॅगा, वरून जवसाची चटणी आणि सांबारवडीचे डबे भरलेली कापडी पिशवी, आणि रात्रीची वेळ. मी ठरवलं की सरळ गाडीच करू. पोरीला सांगितलं नाही कारण दुसऱ्या दिवशी तिचा एवढा मोठा दिवस, होस्टेलचं गेट रात्री बंद, कशाला तिला घोर लावायचा.

निघायच्या दोन दिवस आधी मी मोबाइलवर हॉटेलचं नाव टाकून पुढे एअरपोर्ट पिकअप असं शोधलं. सगळ्यात वर त्याच हॉटेलच्या नावानं, हॉटेलच्याच फोटोसकट एक नंबर आला. आता माझ्याजवळ बुकिंगच्या कागदावर हॉटेलचा नंबर होता, तो लावायचा सोडून मी हा लावला, ही पहिली चूक. समोरचा माणूस इतका चांगला बोलला की काय सांगू, जी सर, हॉटेल का ट्रॅव्हल डेस्क, आप चिंता मत कीजिए. मग त्यानं विचारलं फ्लाइट नंबर काय, किती माणसं, बॅगा किती, बुकिंग कोणाच्या नावानं आहे. आणि मग सहज विचारल्यासारखं, दिल्ली पहली बार आ रहे हैं? वहाँ कोई अपना है क्या? मी मोकळ्या मनानं सगळं सांगितलं की हो पहिल्यांदाच, पोरगी आहे पण ती होस्टेलला असते, रात्री येऊ शकत नाही.

हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. गाडीवाल्याला फ्लाइट नंबर लागतो, माणसं किती ते लागतं, पण आम्ही पहिल्यांदा येऊन राहिलो का आणि तिथे आमचं कोणी आहे का याच्याशी त्याचं काय काम? त्या दोन उत्तरांवर त्यांनी आमची पुढची सगळी रात्र बेतली.

भाडं १,४०० ठरलं, ४०० ॲडव्हान्स. क्यूआर पाठवला, स्कॅन केला तर पैसे पाठवायच्या आधी वर नाव दिसतं ना, ते कोण्या एका माणसाचं होतं, हॉटेलचं नव्हतंच. मी विचारलं पण, तर म्हणे अकाउंटंट का है सर. मी पाठवून दिले. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, हॉटेलचं नाव, गोल शिक्का, ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, सगळं व्यवस्थित. तो कागद मी प्रिंट काढून खिशात ठेवला होता.

दिल्लीला उतरलो, बॅगा घेतल्या, बाहेर नावाची पाटी घेऊन कोणीच नाही. फोन केला तर म्हणे नीचे पार्किंग का बहुत पैसा लगता है, आप ऊपर डिपार्चर पर आ जाइए. आम्ही दोघं लिफ्ट शोधत वर गेलो. गाडी आली ती पांढऱ्या नंबर प्लेटची, आणि कागदावरचा नंबर वेगळा. विचारलं तर वो गाडी सर्विस में है, असं म्हणून त्यानं बॅगा डिक्कीत टाकल्यासुद्धा. बॅगा आत गेल्या की माणूस गाडीत बसतोच मंडळी. माझा मोबाइल पंधरा टक्क्यांवर आला होता, त्यानं मागे वळून हात पुढे केला, दीजिए सर चार्ज पे लगा देता हूँ. मी दिला. हिचा साधा फोन, त्यात पोरीचा नंबर आणि घरचे दोन-चार, बस.

धौला कुआंपर्यंत सगळं ठीक. मग एका जागी रस्त्यावर दिल्ली पोलिसांचे पिवळे बॅरिकेड दिसले, त्यानं गाडी हळू केली आणि म्हणाला देखिए सर, करोल बाग साइड सब बंद, व्हीआयपी मूव्हमेंट है, सुबह तक नहीं खुलेगा. आम्हाला काय माहीत? बॅरिकेड तर डोळ्यानं दिसून राहिले होते. नंतर पोरीनं सांगितलं की रात्री चेकिंगसाठी असे बॅरिकेड दिल्लीत कुठेही लावलेले असतात, बाजूनं गाड्या जातच असतात. पण त्या वेळेला मला ते खरं वाटलं. मग त्यानं त्याच्याच मोबाइलवरून हॉटेलला फोन लावला, स्क्रीनवर हॉटेलचं नाव मला मुद्दाम दाखवलं, आणि फोन माझ्या हातात दिला. समोरून आवाज, जी सर आपकी बुकिंग है, लेकिन पुलिस किसी को आने नहीं दे रही, आप टुरिस्ट ऑफिस से परमिट बनवा लीजिए. माझं नाव घेऊन बोलला, दोन रात्रींचं बुकिंग आहे हेही बोलला. मी काय शंका घेणार? ते सगळं मीच सांगितलेलं होतं दोन दिवस आधी, हे डोक्यात दुसऱ्या दिवशी आलं. आणि कॉन्टॅक्टमध्ये कोणत्याही नंबरला कोणतंही नाव देता येतं, हेही.

मग तो आम्हाला फिरवत राहिला. एक मोठा गोल रस्ता, दोन्हीकडे पांढऱ्या जाड खांबांच्या जुन्या इमारती. ही पिशवी मांडीवर घट्ट धरून खिडकीतून पाहत होती. थोड्या वेळानं माझ्या कानाजवळ येऊन म्हणते, "अहो, हे पांढरे खांब तं आत्ताच गेले होते. तो कोपऱ्यावरचा फुगेवाला बी तोच हाय. हा आपल्याले गोल-गोल फिरवून राहिला." मी तिला म्हटलं, "तू चूप बस, त्याले रस्ता माहीत हाय." तिचं बरोबर होतं. ते कनॉट प्लेस होतं, आणि एअरपोर्टहून करोल बागेला जायला तिकडे जावंच लागत नाही. चौथी शिकलेली बाई, दिल्ली कधी पाहिली नाही, तिला दहा मिनिटांत जे दिसलं ते मी ऐकून घेतलं असतं तर तिथेच गाडी थांबवता आली असती. याचं मला अजूनही फार लागतं.

ऑफिस एका गल्लीत पहिल्या माळ्यावर. पाटीवर तिरंगी पट्टा, टुरिस्ट इन्फर्मेशन असं मोठ्या अक्षरात, आत भिंतीवर भारताचा नकाशा आणि लाल किल्ल्याचा फोटो. रात्री साडेदहाला उघडं सरकारी ऑफिस, हाही विचार तेव्हा आला नाही. एक सूटवाला बसलेला, आम्हाला कागदी कपात चहा दिला, माताजी आप बैठिए, आपके बच्चे जैसा हूँ. मग कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिल्यासारखं केलं आणि सांगितलं की परमिट सकाळीच मिळेल, आज रात्री दुसऱ्या भागात राहा, ८,५०० रूमचे आणि १,५०० परमिटचे. मी म्हटलं एवढे कसे, तर म्हणे लग्नसराई आहे, सगळं फुल आहे, नाहीतर बाहेर थंडीत बसावं लागेल, माताजींची तब्येत बघा. ही तोपर्यंत खरंच थकली होती, गुडघा चोळत होती. मोबाइल परत मागितला, स्कॅन केला आणि १०,००० पाठवले. पावती हातानं लिहिलेली, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. वरून ड्रायव्हरनं उरलेले १,००० रोख घेतलेच. पैसे पाठवायच्या गडबडीत मोबाइलवर दुसरं काही पाहायचं भान नव्हतं.

ज्या रूमवर नेलं ती एका अरुंद गल्लीतली, खिडकी नाही, गादीला ओलसर वास. रात्रभर दोघंही झोपलो नाही.

सकाळी सहाला मोबाइल नीट पाहिला तेव्हा कळलं. करोल बागेच्या खऱ्या हॉटेलच्या नंबरवरून दोन कॉल आलेले होते, एक १०:०५ चा आणि एक १०:०९ चा. मिस्ड नव्हते, कट केलेले होते. तेव्हा मोबाइल पुढे चार्जिंगला, त्याच्या हाताशी. मी लगेच त्या नंबरला फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला, साहब हम तो रात दो बजे तक राह देखे, आपने फोन काट दिया. रस्ता? रास्ता तो खुला था साहब, कुछ नहीं था यहाँ. मी पलंगावर बसून राहिलो. हिनं काहीच विचारलं नाही, फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

समारंभ चुकवला नाही, पोरीला ती गाऊन घालून स्टेजवर पाहिलं. दुपारी तिला सगळं सांगितलं. ती रडली पहिले, मग मला घेऊन बसली आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रार नंबर मिळाला, बँकेलाही कळवलं. तिथून सांगितलं की पैसे ज्या खात्यात गेले तिथून लगेच पुढे निघून गेलेत. १९३० चा उपयोग होतो तो पैसे समोरच्या खात्यात पडून असले तर, मग ते अडकवता येतात, म्हणून घटना झाल्या-झाल्या फोन करायचा असतो, आम्ही पंधरा-सोळा तास उशीर केला. आणि बँकेचं म्हणणं की पिन तुम्ही स्वतः टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीचा. रोख दिलेल्या १,००० चा तर काही पुरावाच नाही. पोरीनं पीडीएफवरचा गाडी नंबर एम-परिवहन या गाड्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपवर टाकून पाहिला, तो एका मोटरसायकलचा निघाला. हे तपासायला मला हिंगणघाटात बसूनही दोन मिनिटं लागली असती.

आता मला जे नंतर कळलं ते सांगतो. टर्मिनल ३ वर बाहेर दिल्ली पोलिसांचा प्रीपेड टॅक्सी बूथ आहे, तिथे पैसे आधी भरायचे, स्लिप मिळते, ती स्लिप ड्रायव्हरला हॉटेलच्या दारात उतरल्यावरच द्यायची, आधी मागितली तरी द्यायची नाही, कारण त्या स्लिपवरच त्याला पैसे मिळतात. परतीला नाही पण पुढच्या वेळी आम्ही तेच करणार. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते, इलेक्ट्रिक असेल तर हिरवीवर पिवळे अक्षर. पांढऱ्या प्लेटवाला भाडं घेऊन राहिला म्हणजे बसायचंच नाही, बॅग हातातून सोडायचीच नाही. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याचं दिल्लीतलं ऑफिस जनपथवर ८८ नंबरला आहे, त्याच्या आजूबाजूच्या भागात तसल्याच पाट्या लावलेली खाजगी दुकानं भरपूर आहेत. रस्ता बंद आहे, हॉटेल जळालं, बुकिंग कॅन्सल झालं, असं काहीही ड्रायव्हर बोलला तर आपल्याच मोबाइलवरून, बुकिंगच्या कागदावरच्या नंबरवर फोन लावायचा, त्यानं लावून दिलेला फोन कानाला लावायचा नाही. भीती वाटली तर सरळ पोलिसांना, ११२ ला फोन. आणि मोबाइल कोणाच्या हातात द्यायचा नाही, चार्जिंग संपलं तर संपू द्या, स्टेशनवर पाचशे-सातशेत पॉवर बँक मिळते ती घेऊन ठेवा.

परतीला पोरगी सोबत आली, मेट्रोनं. करोल बागेतून बसलो, राजीव चौकाला बदललं, न्यू दिल्लीला एअरपोर्टची गाडी धरली. लिफ्ट होती, हिला एकही जिना चढावा लागला नाही. डबे होस्टेलच्या पोरींनी दोन दिवसांत संपवले म्हणे.

आमच्या गावातून पुढच्या महिन्यात दोन घरचे लोक दिल्लीला जाऊन राहिले, एकाचं पोराच्या ॲडमिशनचं काम आहे. त्यांच्यासाठी म्हणून काल रात्री मी पुन्हा त्याच हॉटेलचं नाव टाकून तसंच शोधून पाहिलं. मी रिपोर्ट केलेला नंबर दिसत नाही आता. त्याच जागी, त्याच फोटोंसोबत, दुसरा नंबर आहे. तोही रिपोर्ट केला, आणि दोन्ही घरी जाऊन बुकिंगच्या कागदावरचा हॉटेलचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः सेव्ह करून दिला.