पंक्चर एकाचं, खोळंबा बाराजणांचा: श्वाल्बे मॅरेथॉन प्लस टायर

लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमेसाठी टायर घेताना बहुतेकजण आधी वजन बघतात. एकट्याने जायचं असेल तर ते ठीकच. पण बाराजणांनी मिळून देशाच्या एका टोकाहून दुसरं टोक गाठायचं असेल तर हिशेब बदलतो. मागच्या चाकाचं पंक्चर काढायला, म्हणजे कॅरिअरवरच्या पिशव्या उतरवल्यापासून पुन्हा बांधेपर्यंत, सराईत हाताला 25 मिनिटं धरा. बाराजण थांबले की त्याचे एकूण 5 तास होतात. दिवसात अशी तीन पंक्चरं झाली की मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस हा टायर या हिशेबानेच जोखायला हवा. एकट्याच्या सायकलवर तो जड आणि मठ्ठ वाटतो. गटात बहुधा तीच शहाणपणाची खरेदी ठरते. बहुधा म्हणायचं कारण असं, की या टायरला एक खोड आहे आणि ती नेमकी सगळ्या गटासमोर उघडी पडते. तिच्याकडे पुढे येऊच.

टायर आडवा कापून पाहिला तर बाहेरचं नक्षीचं रबर आणि आतलं कापड यांच्यामध्ये निळ्या रंगाचा लवचिक रबरी थर दिसतो, 5 मिलिमीटर जाडीचा. टायरची सगळी पुण्याई या थरात आहे. साधी टाचणी पूर्ण घुसली तरी तिचं टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. पण मोठ्या रस्त्यांवर टाचण्या कोण टाकतो? तिथले खरे शत्रू दोन: काचेचे बारीक तुकडे आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेली केसासारखी पोलादी तार. ही दोन्ही एका झटक्यात पंक्चर करत नाहीत. 32-622 मापाचं (टायरची रुंदी 32 मिलिमीटर, रिमवर टायर बसतो तिथला व्यास 622) चाक एका किलोमीटरला 460 च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे 100 किलोमीटरच्या दिवसात 46 हजार. प्रत्येक फेऱ्याला रुतलेली काच थोडी आणखी आत ढकलली जाते. पातळ टायर त्यात दुपारपर्यंत हार मानतो. जाड थर संध्याकाळपर्यंत वेळ देतो आणि तो वेळ वापरणं आपलं काम. मुक्कामी पोचल्यावर दोन्ही चाकं हळू फिरवायची, रुतलेले कण बारीक टोच्याने उकरून काढायचे. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करणाऱ्याच्या टायरमध्ये तार रात्रभर बसून राहते आणि सकाळी सगळे निघायच्या तयारीत असताना एकाचं चाक जमिनीला टेकलेलं असतं.

गटात मागे चालणाऱ्यांना पंक्चरं जास्त होतात, याचंही कारण साधं आहे. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला पुढच्याची पाठ. काच हाताने दाखवायची शिस्त कितीही असली तरी सहाव्या-सातव्या माणसापर्यंत खूण पोचते तेव्हा चाक काचेवरून गेलेलं असतं. सगळ्यांना हा टायर घेणं जमत नसेल तर निदान मागे राहणाऱ्यांच्या मागच्या चाकांना तरी तो हवा. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, शिवाय आडवी पडलेली काच पुढच्या चाकाने उडवली की ती मागच्याच्या वाट्याला उभी येते.

आता हा टायर काय थांबवत नाही ते. हवा कमी असताना खड्ड्याची कड लागली की ट्यूब रिमवर चेपली जाते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. निळा थर तिथे काही करू शकत नाही. रिमची पट्टी सरकून आऱ्यांच्या भोकाची धार ट्यूबला लागली तर भोक आतल्या बाजूने पडतं. वॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली तर ठिगळ टिकत नाही, ट्यूबच बदलावी लागते. आणि बाजूच्या भिंतीला निळा थर नसतोच, त्यामुळे धारदार दगडाने ती चिरू शकते. ‘पंक्चरच होत नाही’ असं ऐकून कुणी सुटी ट्यूब न घेता निघत असेल तर त्याला परत पाठवा.

वजन मापानुसार साधारण पाऊण किलोपासून एक किलोच्या वरपर्यंत. हलका रोड टायर 250 ते 300 ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन चाकांना मिळून किलोभराचा बोजा वाढतो. सपाटीवर, दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत चालताना तो फारसा जाणवत नाही. घाटात जाणवतो, आणि सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेताना तर नक्कीच. त्याहून खटकतो तो घरंगळताना होणारा विरोध. जाड रबर प्रत्येक फेऱ्याला दबतं, सुटतं आणि त्यात ताकद खातं. निम्मा गट हलक्या टायरवर आणि निम्मा यावर असेल तर उतारावर पॅडल न मारता कोण मागे पडतं ते पाहा, लगेच कळेल.

खोड आता. टायरची रिममध्ये बसणारी कड तारेची आहे आणि टायर एकूणच ताठ, त्यामुळे काही रिमवर तो चढवणं-उतरवणं म्हणजे कुस्ती असते. पंक्चर क्वचित होतं, पण झालं की 25 मिनिटांची 40 होतात आणि अकराजण डोक्यावर उभे राहून सल्ले देत असतात. यावर उपाय एकच: निघण्यापूर्वी दोन्ही टायर स्वतःच्या हाताने किमान दोनदा उतरवून चढवायचे.

चढवताना टायर आधी उन्हात किंवा उबदार खोलीत तासभर ठेवा, म्हणजे रबर नरमतं. बाजूवर बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेकडे हवा. एक कड पूर्ण चढवा, ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरतीच हवा भरा आणि ती आत बसवा. दुसरी कड वॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करून दोन्ही हातांनी वॉल्व्हकडे आणा. बरेचजण नेमकं उलटं करतात. रिमच्या मध्यभागी खोलगट खोबण असते. कड तिच्यात उतरली की तिथला घेर कमी होतो आणि समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. वॉल्व्हपाशी ट्यूबचं जाड बूड आडवं येतं, तिथे कड खोबणीत उतरत नाही. म्हणून शेवट वॉल्व्हपाशी करायचा, ढील बाकीच्या घेरातून घ्यायची. चढवलेली कड दुसरीकडून निसटत असेल तर पट्ट्याने किंवा प्लॅस्टिकच्या केबल टायने ती रिमला बांधून टाका. तिसरा हात मिळाल्यासारखं होतं. शेवटचा वीतभर भाग अडला की साबणाचं पाणी लावा आणि तळहाताने ढकला. इथे लिव्हरचा, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीचा, मोह आवरा, नवी ट्यूब चिमटून फुटते ती याच क्षणी. शेवटी वॉल्व्ह आत दाबून बाहेर ओढा, कडेखाली ट्यूब अडकलेली नाही ना ते दोन्ही बाजूंनी पाहा, मगच पूर्ण हवा भरा.

उतरवताना तीच युक्ती. हवा शेवटच्या फुसकाऱ्यापर्यंत काढा, दोन्ही कडा पूर्ण घेरात चेपून रिमपासून सोडवा. जिथे लिव्हर घालणार त्याच्या समोरची बाजू कुणालातरी खोबणीत दाबून धरायला सांगा. सल्ले देणाऱ्यांना कामही मिळतं. प्लॅस्टिकचे दोन लिव्हर आणि आत धातूचा गाभा असलेला एक, असा संच ठेवा. नुसत्या प्लॅस्टिकच्या पातळ लिव्हरची टोकं या टायरवर मोडतात.

टायरवरचं नाव वॉल्व्हसमोर येईल असं बसवण्याची सवय लावा. ट्यूबला कुठे भोक आहे ते कळलं की वॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजून दोषी काच किंवा तार नेमकी सापडते. या टायरमध्ये हे फार उपयोगी पडतं, कारण पाच मिलिमीटर रबरात लपलेली तार बाहेरून दिसत नाही. आतून चाचपताना उघडी बोटं नकोत, कापडाचा बोळा फिरवा, तो अडकतो. ती तार न काढता नवी ट्यूब घातली तर पुढच्या पाच-दहा किलोमीटरवर पुन्हा थांबायची तयारी ठेवा. सोल्युशनची नळी न फोडलेली घ्या. एकदा उघडलेली आठवड्यांत आतल्या आत सुकते. ट्यूबवर लावल्यावर ओलेपणा जाईपर्यंत पाच मिनिटं थांबा, मग ठिगळ दाबा. घाईत ओल्यावर लावलेलं ठिगळ संध्याकाळपर्यंत सुटतं.

हवेच्या बाबतीत हा टायर फसवतो. अंगठ्याने वरून दाबून पाहिलं तर जाड थरामुळे अर्धी हवा गेली असतानाही तो टणक लागतो. गेज असलेला पंप गटात एक तरी हवा, आणि दर तीन-चार दिवसांनी सगळ्यांच्या चाकांतली हवा मोजायची. किमान आणि कमाल दाब बाजूवर छापलेला असतो. सामान लादलेलं मागचं चाक कमाल दाबाच्या जवळ, पुढचं त्याहून थोडं कमी.

माप घेताना सायकलमध्ये जागा किती ते आधी पाहा. निळ्या थरामुळे टायर उंचीलाही फुगतो. 32 चा टायर मडगार्डखाली घासतो किंवा आखूड ब्रेकमध्ये अडतो, हे पहिल्या मुक्कामी कळण्यात अर्थ नाही. घेर वाढल्यामुळे स्पीडोमीटरही चुकतो. स्वार बसलेला असताना चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजा आणि तो आकडा भरा. एक टक्क्याची चूक 100 किलोमीटरला एक किलोमीटर पडते, आणि मग वळण आलं की नाही यावर वाद. गटात सगळ्यांची चाकं 622 ची असतील तर ट्यूबही सामाईक ठेवता येतात. वॉल्व्ह मात्र बारीक, प्रेस्टाचेच ठरवा: प्रेस्टा मोठ्या भोकात वायसर घालून बसतो, मोटारीच्या पद्धतीचा जाड वॉल्व्ह बारीक भोकात जात नाही.

मेकॅनिक आणि सुटी चाकं घेऊन गाडी सोबत असेल, सामानही तीच वाहणार असेल, तर हा टायर घेऊ नका. कॉन्टिनेंटलच्या गेटरस्किनसारखा हलका आणि चिवट टायर पुरतो. मधला मार्ग हवा असेल तर याच कंपनीचा साधा मॅरेथॉन आहे. त्यातला संरक्षक थर 3 मिलिमीटरचा, चढवायलाही तुलनेने सोपा. ट्यूबलेसची, म्हणजे ट्यूबऐवजी आत भोक बुजवणारं द्रव असलेल्या टायरची, शिफारस मोठ्या गटासाठी आम्ही करणार नाही. आतलं द्रव काही महिन्यांत सुकतं, मोठा चिरा पडला की चिकट राडा होतो, आणि ते निस्तरणं गटातल्या एखाद-दुसऱ्यालाच येतं.

मोहीम संपल्यावर सायकल खोक्यात घालण्याआधी टायर नीट पाहा. मागचा मधोमध सपाट झालेला असेल, पुढचा बराच गोल. निळा रंग कुठेही डोकावला तर तो टायर संपला. अशा वेळी पुढचा टायर मागे घ्या आणि नवा पुढे घाला. झिजलेला मागचा पुढे नेण्याची काटकसर नको, पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही. बाद टायर टाकण्याआधी त्याच्या बाजूच्या भिंतीतून दोन बोटं रुंद, चार बोटं लांब तुकडा कापून हत्यारांच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी कुणाच्या टायरला मोठा चिरा पडला की ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये तो सरकवता येतो.