गर्भवाढीचा आठ मॉडेलांचा संच: दहावीच्या वर्गात वापरल्यावर

घ्यावा की नाही, एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते: घ्यावा. फक्त खोक्यातून काढून थेट वर्गात नेऊ नये. त्यातल्या काही चुका आधी दुरुस्त कराव्या लागतात, आणि जे त्यात नाही ते आपणच घालावं लागतं.

मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला तिसरा धडा, त्यातला मानवी प्रजननाचा भाग, अजूनही कितीतरी वर्गांत ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. मला ते अजिबात पटत नाही. मोबाइलवरून मुलांपर्यंत काय वाटेल ते पोचतंच आहे; समोर बसून नीट सांगणारं माणूस तेवढं त्यांना मिळत नाही. म्हणून मुख्याध्यापकांकडे हट्ट धरून मी हा संच मागून घेतला.

दुकान स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या गर्दीतून जरा आत. परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक, सांगाडे, नकाशे असं शाळेचं सगळं सामान तिथे मिळतं. काउंटरवरच्या काकांनी आठही मॉडेलं खोक्यातून काढून टेबलावर मांडून दाखवली, घाई केली नाही. माल अंबाल्याचा. एका मॉडेलचा स्टँड हलत होता, तो त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला. दुकानाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता संच. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचं एकेक मॉडेल, चौथ्याचं एक, पाचव्याची तीन (एकात बाळ पायाळू, एकात आडवं, एकात जुळी) आणि सातव्याचं एक. प्रत्येकात गर्भाशय उभा कापून दाखवलाय. सातव्या महिन्याचं बाळ सुटं होऊन हातात येतं आणि सगळ्या संचात हेच सर्वांत कामाचं. बाकावरून बाकावर ते फिरलं तेव्हा सुरुवातीची खुसखुस आपोआप थांबली. पायाळू बाळाचं मॉडेल पाहून एक मुलगी म्हणाली, “बाई, माझ्या मावशीचं असंच होतं, म्हणून सिझर केलं.” मग बहुतेक बाळं शेवटच्या आठवड्यांत डोकं खाली करून स्थिरावतात, दिवस पूर्ण भरल्यावरही पायाळू राहणारी शंभरात 3-4 असतात, हे तिच्या मावशीच्या निमित्ताने सगळ्यांना कळलं. नुसत्या आकृतीवरून ही चर्चा निघाली नसती.

पहिली चूक मापाची. पहिल्या महिन्याच्या मॉडेलमधला गर्भ माझ्या अंगठ्याएवढा आहे. फलनानंतर चार आठवड्यांनी गर्भ जेमतेम मुगाच्या दाण्याएवढा, अर्धा सेंटिमीटरही नसतो. आठ आठवड्यांनी तो साधारण 3 सेंटिमीटर होतो. दिसावं म्हणून मोठा केला असेल तर हरकत नाही, पण किती पट मोठा केलाय ते कुठेही लिहिलेलं नाही. मी प्रत्येक मॉडेलच्या स्टँडवर खऱ्या मापाची पट्टी चिकटवली. महिने कधीपासून मोजलेत तेही लिहिलेलं नाही. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजतात, फलनापासून धरलं तर ते 266 भरतात. हा दोन आठवड्यांचा फरक आधी फळ्यावर मांडला नाही तर मुलं गोंधळतात.

दुसरी चूक नाळेची. सातव्या महिन्याच्या मॉडेलमध्ये नाळ कापलेली दिसते आणि त्या कापावर दोनच भोकं रंगवलीत. खऱ्या नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात: दोन धमन्या आणि एक शीर. बाळाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त नेते ती शीर, आणि बाळाकडून परत आणतात त्या धमन्या. धमनी म्हणजे शुद्ध रक्त असं पाठ केलेल्या मुलांना इथे थांबून विचार करावा लागतो, म्हणून तिसरं भोक मी मार्करने काढून घेतलं. वार (प्लासेंटा) मात्र छान केली आहे, गर्भाशयाच्या भिंतीला कशी धरून असते ते स्पष्ट दिसतं. “आईचं रक्त बाळात जातं ना?” हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही जात. दोघांचं रक्त वारेमध्ये अगदी जवळ येतं, पण मध्ये पातळ पडदा राहतो. ऑक्सिजन, ग्लुकोज, आईची प्रतिपिंडं त्यातून जातात. दारू आणि निकोटिनही जातात. म्हणून तर आई आणि बाळाचा रक्तगट वेगळा असला तरी बहुतेक वेळा चालतं, हे सांगितल्यावर मुलांना पटतं.

माझी मुख्य तक्रार सोबत आलेल्या तक्त्याबद्दल आहे. त्यावर शुक्रपेशी आणि अंडं गर्भाशयाच्या मधोमध भेटताना दाखवलेत, वर लाल बाण. हे साफ चूक आहे. फलन अंडनलिकेच्या रुंद भागात होतं. कोट्यवधी शुक्रपेशींपैकी तिथवर पोचतात त्या काही शे, आणि अंड्यात शिरते ती एक. ती शिरली की अंड्याचं आवरण बदलतं आणि बाकीच्यांना वाट बंद होते. अंडं बाहेर पडल्यावर 12 ते 24 तास टिकतं, शुक्रपेशी पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. जागा चुकली की पुढचं सगळं चुकतं. गर्भ कधीकधी नळीतच का रुजतो आणि ते आईच्या जिवावर का बेततं, दोन्ही नळ्या बंद असतील तर मूल का होत नाही, टेस्ट ट्यूब बेबीत नेमकं काय टाळलं जातं, यातलं काहीच त्या तक्त्यावरून समजणार नाही. इथे मी परळच्या केईएम रुग्णालयाचं नाव आवर्जून घेते. 6 ऑगस्ट 1986 ला तिथे डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. फलन तेवढं बाहेर काचेच्या बशीत झालं, वाढ आईच्याच पोटात. लोकलने जाता येईल अशा ठिकाणी हे घडलंय म्हटल्यावर मागचे बाकही ऐकायला लागतात.

पहिला आठवडा तर संचात नाहीच. एकदम महिन्याच्या गर्भापासून सुरुवात. माझ्या मते याच सात दिवसांत धड्याचा गाभा आहे, म्हणून तो भाग मी क्लेने करते. एक गोळा घ्यायचा, ते फलित अंडं; त्याचे सुरीने दोन करायचे, मग चार, मग आठ. नवी क्ले घालायची नाही. पेशींची संख्या वाढत जाते, पण एकूण आकार तेवढाच राहतो आणि प्रत्येक पेशी लहान होत जाते, हे मुलांना स्वतः कापताना दिसतं. खऱ्या अंड्याचा व्यास सुमारे 0.1 मिलिमीटर, म्हणजे आलेख कागदाच्या एका बारीक घराच्या बाजूवर दहा अंडी मावतील. फळ्यावर अंडनलिका काढून हे गोळे तिच्यावर दिवसांप्रमाणे चिकटवत जायचे. साधारण चौथ्या दिवशी गर्भाशय, सहाव्या-सातव्या दिवशी अस्तरात रुजायला सुरुवात. रुजल्यावर एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं, त्याच्या इशाऱ्याने पीतपिंड (अंडं बाहेर पडल्यावर अंडाशयात मागे उरणारा भाग) टिकतो, त्याच्याकडून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळत राहतं, अस्तर गळत नाही आणि पाळी येत नाही. दुकानात मिळणारी प्रेग्नन्सी टेस्ट हेच एचसीजी लघवीत शोधते, त्यामुळे फलनाच्या दुसऱ्याच दिवशी ती काही सांगू शकत नाही. पाळीचा धडा आणि गर्भधारणेचा धडा इथे एकमेकांना जोडले जातात.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. आठ मॉडेलांत पुरुषाच्या शरीराचं एकही नाही. हा सगळा बायकांचा विषय आहे असंच मग मुलांना वाटतं. मी पुरुष प्रजननसंस्थेचं मॉडेल वेगळं घ्यायला लावलं आणि दोन्ही शेजारी ठेवूनच शिकवते. मुलगी की मुलगा, म्हणजे एक्स गुणसूत्र की वाय, हे शुक्रपेशीवर ठरतं, आईचं अंडं नेहमी एक्सच असतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणारी घरं आमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीत आहेत, तेव्हा हे वाक्य मी तीनदा सांगते. त्याच तासाला 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचीही ओळख करून देते.

पूर्ण संचाला साधारण आठ हजार पडले, पुरुषाच्या मॉडेलचे वेगळे. पैसे कमी असतील तर सुटी मॉडेलंही मिळतात. तिसरा महिना, सातवा महिना आणि पुरुषाचं मॉडेल एवढी आधी घ्या. चौथा आणि पाचवा महिना नंतर आले तरी चालेल. फायबरचंच मागा, प्लास्टरचं मुलांच्या हातात टिकत नाही. तक्ता परत द्या किंवा बाणावर कागद चिकटवून नवा बाण अंडनलिकेवर काढा. बिल शाळेच्या नावाने हवं असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र सोबत न्या, आणि जाताना शनिवारी दुपारनंतरची वेळ टाळा, त्या गल्लीत तेव्हा रिक्षाही आत येत नाही.