मुलीच्या शिकाऊ परवान्याच्या निमित्ताने झालेली आमची फसवणूक

माझ्या मुलीला गेल्या एप्रिलमध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. बारावीची परीक्षा संपून सीईटीची तयारी चालू होती, आणि ज्या महाविद्यालयात तिला प्रवेश हवा होता ते घरापासून चौदा किलोमीटरवर असल्यामुळे पावसाळ्यानंतर तरी तिने स्वतः स्कूटरने ये-जा करावी, असे आम्ही घरात ठरवले होते. तिचा अभ्यासातला वेळ जाऊ नये म्हणून परवान्याचे काम मी माझ्याकडे घेतले. पुढे जे घडले त्याची सुरुवात माझ्या या घाईतून झाली, हे मी आधीच मान्य करतो.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार क्रमांकाच्या आधारे शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते, एवढे मला माहीत होते. म्हणून मी मोबाइलवर ‘लर्निंग लायसन्स ऑनलाइन अर्ज’ असे शोधले आणि सर्वांत वर जे संकेतस्थळ आले ते उघडले. त्या नावावर बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिलेले होते, याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही. पानाच्या माथ्यावर अशोकस्तंभ होता, खाली तिरंगी पट्टी होती, मराठी व हिंदीत सूचना होत्या, आणि अर्जात विचारलेली माहितीही खऱ्या अर्जासारखीच होती. फरक एकच होता, पण तो निर्णायक होता. शासनाच्या सारथी संकेतस्थळाचा पत्ता ‘परिवहन डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. या संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘परिवहन’ हा शब्द होता, मात्र शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नव्हते.

अर्ज भरल्यावर १,४८० रुपये शुल्क दाखवले गेले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार एका वाहनप्रकाराच्या शिकाऊ परवान्याचे शुल्क १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहे. हे मी आधी पाहिले असते तर तिथेच थांबलो असतो. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर घेणाऱ्याचे जे नाव आले ते एका खासगी व्यक्तीचे होते. ते मी वाचलेसुद्धा, आणि शासनाने वसुलीचे काम कोणाला तरी सोपवले असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी व्यवहार पूर्ण केला.

अर्ध्या तासात एका गृहस्थांचा फोन आला. बोलणे अत्यंत नम्र होते, मराठी स्वच्छ होते, आणि मुलीचे नाव, जन्मतारीख, पत्ता हे सर्व त्यांनी वाचून दाखवले. अर्थात ती माहिती मीच तासाभरापूर्वी भरली होती. ते म्हणाले, “सर, मॅडमना परीक्षेला बसायची गरज नाही. ते आमच्याकडून होऊन जाईल. आधारचा ओटीपी येईल, तेवढा सांगा.” मुलगी शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, परीक्षा मीच द्यायची असते ना?” मी तिला हाताने थांबवले आणि ओटीपी सांगितला. तो कोणालाही सांगू नये, अशी सूचना त्याच संदेशात होती. या सर्व प्रकारात मला सर्वाधिक वेदना होतात त्या या एका क्षणाच्या आठवणीने, कारण घरात योग्य प्रश्न एकाच व्यक्तीला पडला होता आणि तो मीच दाबून टाकला.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर शिकाऊ परवान्याची पीडीएफ आली. तिच्यावर मुलीचा फोटो, क्रमांक, सहा महिन्यांची मुदत आणि एक क्यूआर कोड होता. पत्नीला शंका आली म्हणून आम्ही तो कोड तपासला, तर मुलीच्या फोटोसह ‘पडताळणी यशस्वी’ असे पान उघडले आणि आम्ही निश्चिंत झालो. तो कोड त्याच बनावट संकेतस्थळाचे दुसरे पान उघडत होता, हे आम्हाला फार उशिरा समजले. कागदावरचा कोड तपासणे म्हणजे ज्याने कागद बनवला त्यालाच तो खरा आहे का असे विचारणे. पडताळणी करायची ती आपण स्वतः सारथीवर जाऊन, तिथे क्रमांक आणि जन्मतारीख टाकूनच.

पुढे पाच आठवडे मुलगी स्कूटर शिकली. गाडीला पुढे-मागे लाल रंगातील ‘एल’ अक्षराची पाटी होती, आणि शिकाऊ चालकासोबत परवानाधारक असावा लागतो म्हणून मागे मी बसत असे. सर्व नियम पाळत आहोत, असे समजून आम्ही प्रत्यक्षात विनापरवाना वाहन रस्त्यावर आणत होतो. त्या काळात कोणी अडवले असते तर तिला आणि वाहनमालक म्हणून मला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत दंड झाला असता. ती रक्कम किरकोळ वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. अपघातात कोणी जखमी झाले असते, तर चालकाकडे वैध परवाना नव्हता या कारणावरून विमा कंपनी भरपाईची रक्कम आमच्याकडून वसूल करू शकली असती. आणि बनावट दस्तऐवज बाळगल्याचा ठपका आला असता तो नुकत्याच सज्ञान झालेल्या माझ्या मुलीवर.

शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. बरोबर त्याच सुमारास त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला: ३,२०० रुपये भरल्यास आठ काढायला, म्हणजे आठ आकड्याच्या आकारात गाडी चालवून दाखवण्याच्या चाचणीला, न जाता पक्के लायसन्स टपालाने घरी येईल. या वेळी मात्र मी पैसे भरले नाहीत. रस्त्यावरची चाचणी न देता मुलीने गाडी चालवावी, हे मनाला पटेना. आमच्या भागातील एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना मी तो शिकाऊ परवाना दाखवला. त्यांनी सारथीवर क्रमांक टाकला, तर नोंदच नव्हती. त्यांनी अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती मागितली. आमच्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हते. “खरा अर्ज असता तर पहिल्या दिवशी अर्ज क्रमांकाचा मेसेज आला असता,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे महिन्यातून असे दोन-तीन पालक येतात, असेही त्यांनी सांगितले.

त्याच संध्याकाळी आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवले आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. पैसे परत मिळाले नाहीत. ही तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही पाच आठवडे उशिरा पोहोचलो होतो. १,४८० रुपयांपेक्षा मोठी चिंता आधारची होती. मुलीचे आधारमधील बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आम्ही लॉक केले, आधार प्रमाणीकरणाचा इतिहास पाहिला आणि तिच्या नावावर कोणी कर्ज काढलेले नाही ना, हे दोनदा तपासले. अद्याप तसे काही आढळलेले नाही, तरीही आम्ही दर काही महिन्यांनी तपासतो.

त्या संकेतस्थळावर सोळा वर्षांच्या मुलांसाठी ‘सर्व दुचाकींचा परवाना’ असाही पर्याय होता, हे पालकांना मुद्दाम सांगतो. कायद्यानुसार सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना, तोही पालकांच्या संमतीने. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १०० सीसीच्या पुढच्या स्कूटरी त्यात बसत नाहीत. अल्पवयीन मुलाकडून वाहन चालवताना गुन्हा घडल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. असा कागद विकणारा पालकाला कोणत्या खड्ड्यात ढकलतो, याची यावरून कल्पना यावी.

नंतर मुलीने सारथीवर स्वतः अर्ज भरला, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पूर्ण पाहिली आणि परीक्षा दिली. पंधरांपैकी नऊ उत्तरे बरोबर लागतात. तिची तेरा बरोबर आली. पक्क्या परवान्याच्या चाचणीत पहिल्या वेळी आठ काढताना तिचा पाय जमिनीला टेकला. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. ते सात दिवस ती रोज सकाळी मैदानावर सराव करत होती, आणि दुसऱ्या वेळी ती उत्तीर्ण झाली.

ते जुने संकेतस्थळ आता उघडत नाही. मात्र मागच्या आठवड्यात माझ्या पुतण्यासाठी अर्जाचे पान शोधताना त्याच रंगाचे, त्याच मांडणीचे दुसरे संकेतस्थळ मला पुन्हा सर्वांत वर दिसले. त्याची तक्रार मी त्याच दिवशी पोर्टलवर नोंदवली आहे.