घाणेरीसाठी घडवून घेतलेली कुदळ : खानापूर भागातील एका लोहाराच्या कामाविषयी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना लागणाऱ्या एका लोहाराच्या भट्टीतून मी गेल्या तीन हंगामांत सात कुदळी, चार कोयते आणि दोन पहारी करून घेतल्या आहेत, आणि भीमगड अभयारण्याच्या कडेच्या डोंगरउतारांवर परवानगीने चालणाऱ्या घाणेरी काढण्याच्या कामात आमच्या गटाने ही सगळी अवजारे रोज वापरली आहेत. शेतीच्या कुदळीची पारख असणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण रानातले परके झुडूप काढायला कोणती कुदळ घ्यावी असे विचारले की ‘कुठलीही चालते’ असे उत्तर मिळते. ते उत्तर चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत आम्ही पहिल्या वर्षी मोजली.

त्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून आम्ही रंग दिलेल्या, दिसायला देखण्या, रुंद पात्याच्या पाच कुदळी आणल्या होत्या. जांभ्या दगडावर दुसऱ्याच दिवशी दोघींची टोके वळली आणि एकीचा दांडा नेढ्यापाशी, म्हणजे तो बसतो त्या भोकापाशी, तडकला. तरी खरे नुकसान त्यापेक्षा मोठे होते. रुंद पात्याचा प्रत्येक घाव हातभर माती उलथून टाकत होता, आणि पाऊस लागताच त्या भुसभुशीत मातीत घाणेरीची रोपे इतकी दाट उगवली की आम्ही काढली त्यापेक्षा जास्त लावली की काय, असे वाटावे.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि तिची काळी फळे खाणाऱ्या बुलबुलांसारख्या पक्ष्यांनी तिचे बी रानोमाळ नेले. तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही, आणि जनावराने भुकेपोटी तिचा पाला खाल्ला तर त्याला कावीळ होते व उन्हात त्याची कातडी सोलवटते. २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य साधारण १९० चौरस किलोमीटरचे आहे. म्हादईचे मूळ प्रवाह याच डोंगरांत आहेत आणि मलप्रभा जवळच कणकुंबीला उगम पावते. अशा ठिकाणी तणनाशक फवारण्याचा विचारही मला सहन होत नाही, म्हणून हाताने काम करणे आणि ते एकदाच नीट करणे हाच मार्ग उरतो.

ते नीट कसे करायचे, ते दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्पष्ट आहे. घाणेरीचे नवे धुमारे फुटतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यावरच्या गाठीतून. झुडूप वरून तोडले तर ती गाठ शाबूत राहते आणि महिन्याभरात चार फांद्यांच्या जागी दहा येतात. मूळ सगळे उपसले तर माती हलते आणि तिच्यातले बी जागे होते. म्हणून जमिनीच्या खाली ३ ते ५ सेंटीमीटरवर, गाठीच्या जरा खालीच मुख्य मूळ तोडायचे, आणि तुटलेले झुडूप लगेच उलटे करून त्याच्याच फांद्यांवर मुळे वर करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा जमीन धरत नाही. या कामाला पाते अरुंद, जाड आणि किंचित आत वळलेले हवे. घाव तिरपा, एका जागी आणि खोलवर बसला पाहिजे.

हे सगळे मी लोहारमामांना सांगू लागलो तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून, ‘मूळ घेऊन या, मग बोलू,’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी मनगटाएवढे मूळ नेले. त्यांनी ते ऐरणीवर ठेवून गाठीवरचे डोळे अंगठ्याने चाचपले, कोयत्याने एक काप घेऊन लाकूड किती चिवट आहे ते पाहिले, आणि पात्याची रुंदी दाखवताना बोटांऐवजी ते मूळच आडवे धरले. कुदळ त्यांनी ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादातून घडवली. पाणी देताना तांबडे झालेले टोक जेमतेम दोन बोटे बुडवले, बाहेर काढून दगडावर घासले, त्यावर पिवळसर रंग चढेपर्यंत डोळा न हलवता पाहत राहिले आणि निळी झाक येण्याच्या आत पुन्हा पाण्यात घातले. त्या एका क्षणात टोकाचा कडकपणा आणि मागच्या पात्याचा चिवटपणा ठरतो. तीन हंगामांत सातांपैकी एकाही कुदळीचे टोक वळलेले नाही. झिजले ते शेवटून, म्हणजे भट्टीत तापवून पुन्हा ठोकून, घेतले की अवजार नव्यासारखे होते, आणि शेवटण्याचे पैसे ते अगदी माफक घेतात.

कामातला फरक दोन घावांत कळतो. पूर्वी एका जाळीभोवती चौघे घाम गाळत होतो, आता एकाने फांद्या दाबून धरायच्या आणि दुसऱ्याने मूळ तोडायचे एवढ्यावर भागते, आणि काढलेल्या जागी जमीन जवळपास न विस्कटलेली राहते. पहिल्या हंगामातल्या एका उतारावर यंदा गुडघाभर गवत पाहिले तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या दोन कुदळींचे नेढे सैल निघाले आणि भर पावसात दांडा फिरू लागला. मामांनी तक्रार ऐकून विनामूल्य दुरुस्ती केली, पण आमचे दोन दिवस गेले. दांडे ते स्वतः देत नाहीत, ते आपले आपण आणावे लागतात. आम्ही बाभळीचे वापरतो. कोयते चांगले असले तरी त्यांची मूठ आखूड आहे, आणि रानमोडी या दुसऱ्या परक्या झुडपाच्या दाट जाळीत दिवसभर हात चालवला की मनगट भरून येते. तसेही रानमोडीला कोयता दुय्यमच. तिची कोवळी रोपे पावसाळ्यात, माती मऊ असताना आणि हिवाळ्यातल्या फुलोऱ्याच्या आधी हाताने उपटणे सर्वांत चांगले, कारण तिचे बी वाऱ्यावर उडते. पहारींबद्दल वेगळे काही सांगण्यासारखे नाही, त्या चांगल्या आहेत.

वेळेचे मात्र ध्यानात ठेवावे. मे महिना लागला की भट्टीपुढे फाळ आणि कुळवाच्या फासा घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची रांग असते, त्यांचे काम आधी होते आणि ते व्हायलाच हवे. आमची पहिली फेरी पहिल्या पावसानंतर आणि दुसरी पाऊस ओसरल्यावर, पक्षी बसतात त्या झाडांखालची नवी रोपे वेचण्यासाठी असते, म्हणून मी मागणी मार्च महिन्यातच देतो. यंदा एका कुदळीला साडेसहाशे रुपये पडले, दुकानातल्या कुदळीपेक्षा महाग. पावती मिळत नाही, त्यामुळे संस्थेच्या खर्चातून घेणाऱ्यांनी तेवढे आधी बोलून घ्यावे. नेताना मुळाचा तुकडा ओलाच न्यावा, आणि दांडा बसवून झाल्यावर पाचर मारण्याआधी नेढे आपल्या हाताने हलवून पाहावे.