नीटच्या बायोलॉजीसाठी एनसीईआरटीची दोन पुस्तकं: शिकवणाऱ्या बाईंचं मत

अकरावी-बारावीच्या मुलांना मी बायोलॉजी शिकवते. कॉलेज सुरू झालं की वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेबद्दल पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, नीटसाठी कोणतं पुस्तक घेऊ?" माझंही उत्तर ठरलेलं: एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक परिषदेची दोन, अकरावीचं आणि बारावीचं. राज्य मंडळाचं पुस्तक बोर्डाला लागतंच. पण नीटच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे, आणि त्या ९० प्रश्नांतले बहुतेक या दोन पुस्तकांतल्या वाक्यांवर, आकृत्यांवर आणि तक्त्यांवर बेतलेले असतात.

"लाईन बाय लाईन करा" हा सल्ला सगळेच देतात. तो ऐकून मुलं चार रंगांचे हायलायटर आणतात आणि पान रंगवून टाकतात. या पुस्तकांची खरी ताकद मला दुसरीकडे दिसते. यातले आकडे एकमेकांना धरून आहेत. कच्च्या कागदावर ते मांडून पाहिले, की प्रकरणं आपोआप जोडली जातात.

रक्ताभिसरणाचं प्रकरण घ्या. एका ठोक्याला प्रत्येक व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, साधारण ७० मिली रक्त बाहेर ढकलतं आणि मिनिटाला सरासरी ७२ ठोके पडतात. गुणाकार ५०४०. पुस्तक कार्डियाक आउटपुट (हृदयाने मिनिटाला बाहेर टाकलेलं रक्त) ५००० मिली, म्हणजे ५ लिटरच्या आसपास सांगतं. पुढचं प्रकरण उत्सर्जनाचं. तिथे मूत्रपिंडांतून मिनिटाला ११०० ते १२०० मिली रक्त जातं आणि ते हृदयाने मिनिटाला बाहेर टाकलेल्या रक्ताच्या सुमारे एक-पंचमांश असतं, असं वाक्य आहे. हा पाचवा हिस्सा कुठून आला, हे मागचं प्रकरण उघडून ताडून पाहणारं मूल तो विसरत नाही. मूत्रपिंडांतल्या गाळणीचा वेग मिनिटाला १२५ मिली. त्याला ६० ने आणि मग २४ ने गुणा, दिवसाचे १८० लिटर येतात. लघवी होते जेमतेम १ ते १.५ लिटर. म्हणजे जवळजवळ ९९ टक्के परत शोषलं जातं, आणि मूत्रपिंडातल्या नेफ्रॉन या सूक्ष्म गाळण्यांच्या नळ्यांना प्रकरणात एवढी जागा का दिली आहे ते कळतं. माझ्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मी मुलांकडूनच करून घेते, स्वतः सांगत नाही.

श्वसनातला पार्शल प्रेशरचा, म्हणजे मिश्रणातल्या एकेका वायूच्या दाबाचा तक्ता असाच सोनं आहे. फुप्फुसातल्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब १०४ मिमी पारा, तिथे येणाऱ्या रक्तात ४०. फरक ६४ चा. कार्बन डायऑक्साइडचा फरक मात्र ४५ आणि ४० मधला, फक्त ५ चा. मग तो बाहेर पडतो कसा? उत्तर त्याच पानाच्या आसपास आहे: त्याची विद्राव्यता ऑक्सिजनच्या २० ते २५ पट असते. तक्ता पाठ करणारे पुष्कळ असतात. हा प्रश्न ज्याला स्वतःहून पडला, त्याला विधान-कारणाचे प्रश्न अवघड जात नाहीत.

प्राणिसृष्टीच्या प्रकरणात अपवाद अर्ध्या वाक्यात दडलेले आहेत. सरपटणाऱ्यांचं हृदय बहुधा तीन कप्प्यांचं, मगरीचं चार. सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात, प्लॅटिपस अंडी घालतो. यावर घाईने नजर फिरवली की ४ गुण जातात आणि वर १ वजा होतो. अपवादांसाठी वहीचं एक पान वेगळं ठेवा.

प्रत्येक युनिटच्या सुरुवातीला एका शास्त्रज्ञाची ओळख आहे. पंचानन माहेश्वरी, जी. एन. रामचंद्रन, रामदेव मिश्रा. परीक्षेसाठी कोणी ती वाचत नाही. मी मात्र वर्गात वाचून दाखवते. मला ती पानं मनापासून आवडतात.

आता उणं. आनुवंशिकतेचा सिद्धांत सुरेख मांडलाय, मॉर्गनच्या फळमाशीवरच्या प्रयोगांतले जनुकांच्या पुनर्संयोगाचे १.३ आणि ३७.२ टक्केही आहेत, पण सोडवायला गणितं फार थोडी. वंशावळींचा सराव तर बाहेरूनच करावा लागतो. प्रकरणाखालचे प्रश्न बरेचसे वर्णनात्मक आहेत, पेपर मात्र पर्यायांचा, जोड्या लावण्याचा. त्यामुळे मागच्या वर्षांच्या पेपरांचा संच सोबत हवाच, आणि तो प्रकरण संपल्या संपल्या सोडवायचा, वर्षाअखेरीस नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. बायोलॉजी तासाभरात उरकली तरच फिजिक्सला श्वास घ्यायला जागा मिळते.

भाषेचा मुद्दा मला जास्त टोचतो. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, ही पुस्तकं मात्र एनसीईआरटी इंग्रजी, हिंदी आणि उर्दूतच काढते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली हुशार मुलं सुरुवातीला इथेच अडखळतात. त्यांना मी परिच्छेद मोठ्याने वाचायला लावते, मग पुस्तक मिटून तोच मराठीत समजावून सांगायला लावते, संज्ञा इंग्रजीच ठेवून. दिवाळीपर्यंत भीती गेलेली असते.

विकत घेताना नवी आवृत्तीच घ्या. वेबसाइटवर पीडीएफ फुकट आहे, पण आकृत्यांवर पेन्सिल चालवायला छापील प्रत हवी. जुन्या प्रतींत अकरावीला २२ आणि बारावीला १६ प्रकरणं होती. काटछाटीनंतर १९ आणि १३ उरली. नको ती प्रकरणं करत बसू नका, आणि यादी क्लासच्या नोट्सवरून न ठरवता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमावरून ठरवा. कारण उलटही घडतं: मॅल्व्हेसी, लेग्युमिनोसी यांसारखी वनस्पतींची कुळं अभ्यासक्रमात आहेत आणि नव्या पुस्तकाच्या प्रकरणात नाहीत. लेग्युमिनोसी जुन्या प्रतीत फॅबेसी या नावाने मिळेल. कॉलेजच्या लायब्ररीत ती बहुधा असते. तेवढी पानं झेरॉक्स करून नव्या पुस्तकात ठेवा.