बंद कंपनीचा ईमेल, साहेबांचं खातं आणि माझे 24,500 रुपये

मेसेज साहेबांच्याच लिंक्डइन खात्यावरून आला होता. हे आधी सांगते, कारण ज्यांना ज्यांना हा प्रकार सांगितला त्या प्रत्येकाने पहिल्यांदा "प्रोफाइल फेक असेल" असंच म्हटलं. फेक नव्हतं. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत साहेब क्वालिटी हेड होते. तेच जुनं खातं, तोच फोटो, आम्हा सगळ्यांची कनेक्शन्स, आणि आमचं मागचं चॅटही जसंच्या तसं वर दिसत होतं. "काय म्हणतेस, नोकरी बघतेस ना?" असं रोमन अक्षरांतलं मराठी, साहेब लिहायचे तसंच. पुढे ज्या कस्टमर ऑडिटची आठवण काढली होती, ते ऑडिट आम्ही खरोखर रात्री थांबून पार पाडलं होतं.

चाकणला एका मोठ्या प्लांटमध्ये क्वालिटीत जागा आहे, मी तुझं नाव सुचवलंय, एचआरचा फोन येईल, असं त्यांनी कळवलं. फोन आला. मुलाखत झाली, तीही व्यवस्थित, पीपीएपीवर (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या प्रक्रियेवर) प्रश्न विचारून. मग ऑफर लेटर आलं आणि त्यासोबत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन व लॅपटॉपपोटी 24,500 रुपये डिपॉझिट, पहिल्या पगारात परत मिळणारं. मी यूपीआयने भरले. लगेच आणखी एक रक्कम मागितली, तेव्हा मी साहेबांना त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. ते निवृत्त होऊन गावी राहतात. "अगं, मी तर कितीतरी महिन्यांत ते खातं उघडलंच नाहीये," ते म्हणाले.

मग हे घडलं कसं? साहेबांनी खातं उघडलं तेव्हा कंपनीचा ईमेल दिला होता आणि खात्यावर तो एकच पत्ता होता. कंपनी बंद पडली. डोमेनचं, म्हणजे ईमेलमधल्या @ नंतरच्या नावाचं, नूतनीकरण कोण करणार? डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की थोडा काळ ते जुन्या मालकाला परत घेता येतं, पण तोही काळ गेला की ते खुल्या बाजारात येतं आणि कोणीही विकत घेऊ शकतं. आमच्या कंपनीचं डोमेन असंच कोणीतरी घेतलं. डोमेन हाती आलं की त्यावरचा कुठलाही ईमेल पत्ता पुन्हा चालू करता येतो. मग 'फरगॉट पासवर्ड' दाबायचं, लिंक त्या पत्त्यावर येते, आणि खातं उघडतं. पासवर्ड फोडण्याची गरजच नाही. आत शिरल्यावर त्या माणसाने स्वतःचा ईमेल जोडून मुख्य केला आणि बाकी सगळ्या उपकरणांवरून खातं साइन आउट केलं. पासवर्ड बदलल्याच्या सूचना गेल्या त्या कंपनीच्याच पत्त्यावर, म्हणजे त्याच्याच हातात. साहेबांना काही कळण्याचा मार्गच उरला नव्हता. सातबाऱ्यावर जुनं नाव तसंच राहिलं की उद्या कोण येऊन हक्क सांगेल याचा नेम नसतो, तसंच हे आहे.

म्हणून कळकळीने सांगते, नोकरी सोडताना फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, आधी हे काम उरका. लिंक्डइनच्या 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी'मध्ये 'साइन इन अँड सिक्युरिटी', त्यात 'ईमेल ॲड्रेसेस'. आधी स्वतःचा खाजगी पत्ता जोडा, त्यावर आलेल्या मेलमधून तो कन्फर्म करा, मग तो प्रायमरी करा आणि शेवटी ऑफिसचा काढून टाका. क्रम हाच ठेवावा लागतो, कारण प्रायमरी पत्ता थेट काढता येत नाही. ऑफिसचा मेल चालू असतानाच करा, कारण पडताळणीचा कोड जुन्या पत्त्यावर जाऊ शकतो. ऑफिसचा पत्ता दुय्यम म्हणून राहू दे, असंही करू नका. खात्यावर कन्फर्म असलेल्या कुठल्याही पत्त्याने साइन इन करता येतं. कॉलेजचे जुने ईमेलही याच यादीत सापडतील. 'साइन इन अँड सिक्युरिटी'मध्येच टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा. ते असतं तर नुसत्या ईमेलच्या जोरावर साहेबांच्या खात्यात शिरणं फार अवघड गेलं असतं.

आणि समोरून ओळखीच्या माणसाचा मेसेज आला असेल तर त्याच्या प्रोफाइलवर 'अबाउट धिस प्रोफाइल' पाहा. खातं कधी उघडलं आणि संपर्काची माहिती शेवटची कधी बदलली, हे तिथे दिसतं. पैशाचा विषय निघाला की मात्र फोनच करा, मेसेज नको.

पैशांचं म्हणाल तर मी त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक दिला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. थोडी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची तोवर निघून गेली होती. दुसऱ्याची ओळख वापरून केलेली अशी फसवणूक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी आणि 66डी खाली येते, दोन्हींत 3 वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रारीत चॅटचे स्क्रीनशॉट जोडा, आणि ते प्रोफाइलच्या लिंकसकट आधीच घेऊन ठेवा. साहेबांनी सरकारी ओळखपत्र दाखवून खातं परत मिळवलं, त्यानंतर त्यात सापडलेले मेसेज वाचून त्यांना रडू आलं. माझ्यासारखीच विचारपूस कंपनीतल्या इतर मुलामुलींकडेही झाली होती, त्यातले काही अजून बेरोजगार आहेत.

ते डोमेन आजही आमच्यापैकी कोणाच्या हातात नाही. जुन्या ग्रुपवर मी सगळ्यांना पत्ते बदलायला लावले, पण परदेशी गेलेल्या काहींशी अजून संपर्क झालेला नाही. अंबडच्या आमच्या बंद कंपनीतलं कोणी हे वाचत असेल, तर आत्ताच आपल्या खात्यातली ईमेलची यादी उघडा.