हंगामाच्या मध्यावर चिअरची जिम बदलावी की मेपर्यंत थांबावं?

जानेवारी आला की डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आमच्या ओळखीतल्या एखाद्या आईचा फोन येतोच. मुलगी नऊ-दहा वर्षांची, ऑल-स्टार चिअर (खासगी जिमच्या संघातून स्पर्धेसाठी केलेलं चिअरलीडिंग) करते, सरावाहून आली की गाडीतच रडायला लागते. दुसऱ्या जिमचा कोच म्हणतोय, "आत्ताच आणा, जागा आहे." काय करू?

तीन वर्षांपूर्वी मी याच पेचात होते, म्हणून माझं मत आधीच सांगते. मुलगी तिथे सुरक्षित असेल तर हंगाम पुरा करावा. नसेल तर उद्याच्या सरावालासुद्धा पाठवू नये.

"मध्यावर" म्हणजे नेमकं कधी, हे आधी पाहा. बहुतेक जिममध्ये मे-जूनमध्ये निवड होते, जुलै-ऑगस्टमध्ये रुटीन (स्पर्धेत सादर करायची रचना) बसतं आणि नोव्हेंबरपासून स्पर्धा सुरू होतात. फेब्रुवारीच्या शेवटाकडे डॅलसची एनसीए ही राष्ट्रीय स्पर्धा, नंतर पात्र ठरलेल्या संघांसाठी ऑरलँडोची समिट ही स्पर्धा. ऑक्टोबरमध्ये जिम सोडली तर संघाला सावरायला वेळ असतो आणि नव्या जागी मुलीला रुटीनमध्ये घेणंही सोपं जातं. फेब्रुवारीत तसं नसतं. तोवर अडीच मिनिटांच्या रुटीनमधल्या प्रत्येक काउंटला, म्हणजे ठेक्याला, कोण कुठे उभं राहणार हे पक्कं झालेलं असतं.

पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना मी स्टंट ग्रुप दहीहंडीच्या थरासारखा समजावला होता. खाली उचलून धरणाऱ्या दोन बेस, मागे आधार देणारी बॅकस्पॉट, वर चढणारी फ्लायर. खालचा एक खांदा सरकला की वरचा गोविंदा खाली येतो, तसंच हे. वीस मुलींच्या संघात असे पाच गट असतील आणि एक बेस गेली, तर एक अख्खा गट बसतो किंवा सगळी रचना नव्याने करावी लागते. थांबण्याच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटलेली गोष्ट हीच. त्या तीन मुली तुमच्या मुलीच्या हातांवर विसंबून असतात, आणि दहा वर्षांच्या पोरीला हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सोडण्याच्या बाजूने सहसा टम्बलिंगचं, म्हणजे जमिनीवरच्या कोलांट्या-उड्यांचं, कारण पुढे येतं. मुलगी लेव्हल दोनच्या (कौशल्याच्या खालून दुसऱ्या पायरीच्या) संघात आहे, बॅक हँडस्प्रिंग (मागे झेप घेऊन हातांवरून मारायची उलटी उडी) महिनोनमहिने पुढे सरकत नाही, आणि पलीकडच्या जिममध्ये तिच्या वयाच्या मुली टक (हात न टेकता हवेतली कोलांटी) मारताहेत. हे पाहून जीव तुटतो, मान्य. पण नवी जिम तिला वरच्या लेव्हलला घेईलच असं नाही. जागा रिकामी आहे ती कुठल्या संघात आणि कुठल्या जागेवर, हे स्पष्ट विचारा. पुष्कळदा ती जागा जखमी झालेल्या मुलीची असते, आणि मग तुमच्या मुलीला दोन आठवड्यांत सगळं रुटीन पाठ करून स्पर्धेत उभं राहावं लागतं. काही जिममध्ये हिवाळ्यात अर्ध्या हंगामाचे प्रेप संघ सुरू होतात. बदलायचंच असेल तर तो रस्ता मुलीला कमी जड जातो.

शिवाय हँडस्प्रिंग अडण्याचं कारण जिम असेलच असं नाही. काल येणारी उडी आज अंगातून निघूनच जाते. मुलगी रेषेवर उभी राहते, हात वर घेते आणि पाय हलत नाहीत. इथे याला मेंटल ब्लॉक म्हणतात, आणि नवी चटई, नवा कोच, नव्या मुली यांच्यामध्ये तो सुटतो तसा वाढतोही. इथे तिसरी वाट आहे: संघ तोच ठेवायचा आणि टम्बलिंगचा खासगी तास दुसरीकडे लावायचा. मात्र काही जिमचे करार त्याला मनाई करतात, तेव्हा आधी तो कागद काढून वाचा.

पैशांचं थोडक्यात. कोरिओग्राफी, म्युझिक, स्पर्धांचं शुल्क हे बहुधा आधीच भरलेलं असतं आणि परत मिळत नाही. काही करारांत हंगाम अर्धवट सोडला तरी उरलेल्या महिन्यांची फी द्यावी लागते. नव्या जिमचा गणवेश, केसांचा बो, जॅकेट हे पुन्हा वेगळं. पण "इतके पैसे भरलेत" एवढ्याच कारणासाठी मुलीला तिथे ठेवू नका. ते पैसे दोन्हीकडे गेलेलेच आहेत.

आता सुरक्षिततेचं. खालच्या पायऱ्या न शिकवता वरची कसरत करायला लावणं, फ्लायर पडत असताना स्पॉटर (सावरायला उभा राहणारा माणूस) न देणं, डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांनी परवानगी देण्याआधी पुन्हा वर चढवणं, वजनावरून टोमणे, एका मोठ्या माणसाने मुलीशी एकांतात बोलणं किंवा फोनवर गुपचूप मेसेज करणं. यांतलं एकही दिसलं तर तुलना तिथेच थांबवा. करार, स्पर्धा, बाकीच्या तीन मुली, काहीही आड येऊ देऊ नका. अत्याचाराचा संशय असेल तर जिमच्या मालकाशी बोलून भागत नाही, पोलिसांकडे जायचं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी फ्लायर होती. एका संध्याकाळी ती दोनदा पडली, मनगट सुजलं, आणि कोचने पट्टी गुंडाळून "पुन्हा वर" म्हटलं. मैत्रीण काचेपलीकडून पाहत होती. ती आत गेली, मुलीची बॅग उचलली आणि तिला घेऊन बाहेर पडली. एनसीएला अकरा दिवस उरले होते. तिने योग्य केलं असंच मला आजही वाटतं.

आमच्या घरी गोष्ट वेगळी होती. कोच कडक होती, कधीकधी सगळ्यांसमोर बोलायची, पण चटया घातल्याशिवाय तिने कुणाला उडी मारू दिली नाही. माझ्या मुलीचा हँडस्प्रिंग डिसेंबरमध्ये गेला आणि तिला टम्बलिंगच्या ओळीतून काढून मागे उभं केलं. मी दुसऱ्या जिममध्ये तिची चाचणीही करून आले होते. परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून आवाज आला, "आई, मग आमच्या फ्लायरला कोण धरणार?"

आम्ही थांबलो. कोचला वेळ मागून भेटले आणि एवढंच विचारलं की तिला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगाल का. तिने ते मानलं. मंगळवारी दुसरीकडे टम्बलिंगचा तास लावला, करारात त्याला आडकाठी नव्हती. ते चार महिने सोपे गेले नाहीत. स्पर्धेच्या सकाळी केसांना स्प्रे मारताना ती गप्प असायची आणि मीही. मेमध्ये हंगाम संपल्यावर मुलींना निरोपाची कार्डं देऊन आम्ही जिम बदलली. हँडस्प्रिंग परत आला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, साध्या सरावाच्या दिवशी, मी पार्किंगमध्ये असताना.